जाहिरातीतला बाप

आमच्या गावच्या भवानी पेठेत शिवयोगी बिराजदार कुठं राहतात असं विचारलं तर माणूस क्षणभर थांबतो. चावीवाले आप्पा म्हटलं की लगेच बोट दाखवतो. तीस वर्षं त्यांनी आमच्या भागाला पाणी सोडलं. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचे, रस्त्यातलं झाकण उघडून व्हॉल्व्ह फिरवायचे आणि पुढच्या चौकाकडं चालू लागायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी बायका त्यांनाच विचारायच्या, "आप्पा, उद्या येतंय का ओ पाणी?" आणि आप्पाही हिशोब करून सांगायचे.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या घरासमोरच आहे. फॉर्म भरून देणं, दाखले काढून देणं असली कामंही मी करते. त्यामुळं त्या घरातलं बरंच काही माझ्या डोळ्यांदेखत झालं. राहिलेलं आप्पांनी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळा लागता लागता मुंबईची माणसं जाहिरात काढायला आली. नवीन लॅपटॉपची जाहिरात. त्यांना यंत्रमागाचं घर हवं होतं, म्हणून आमच्या गल्लीतल्या धुळाप्पांची माडी घेतली. खाली माग, वर एक खोली. अंगण भिजवायचं म्हणून त्यांना पाणी पाहिजे होतं आणि नळाला पाणी यायचा वार दोन दिवसांवर होता. धुळाप्पांनी आप्पांना बोलावलं. आप्पांनी कुणाच्या हौदात पाणी आहे ते सांगितलं आणि पाइपही जोडून दिला.

जाहिरात काढणारी बाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत होती. बापाचं काम करायला मुंबईहून नट आणला होता, पण त्याचे हात तिला पटत नव्हते. तिनं आप्पांना विचारलं, "काका, एकदा उभं राहून बघता?"

काम फार नव्हतं. चादरीत गुंडाळलेलं खोकं घेऊन जिना चढायचा, पोरीसमोर ठेवायचं. पोरगी चादर सोडते, आतून लॅपटॉप निघतो. खालच्या मागाचा आवाज थांबतो. बाप म्हणतो, "शीक. थांबू नको." मग तोंड फिरवून डोळे पुसतो. एवढंच. खोकं रिकामंच होतं. जड असल्यासारखं धरा, असं आप्पांना सांगावं लागलं. डोळे पुसायचं मात्र सांगावं लागलं नाही. पहिल्याच वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माडीवर जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा टाळ्या संपायच्या आत खाली उतरून आले. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं, प्याले आणि घरी गेले.

दोन महिन्यांनी जाहिरात टीव्हीवर लागली. बातम्यांच्या मध्ये, क्रिकेटच्या मध्ये, दिवसातून आठदहा वेळा. पेठेत दुसरा विषय उरला नाही. चहाच्या गाडीवाले रशीदभाई म्हणाले, "क्या रोये चाचा तुम. हमारे घर में अम्मी दो बार चश्मा पोंछी." समोरच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायकांनी त्यांना थांबवून एकदा ते वाक्य म्हणायला लावलं. शाळेला जाणाऱ्या पोरी त्यांना बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि "थांबू नको" म्हणत पळायच्या. भाजी बाजारात एका माणसानं हात जोडून तक्रार केली, "आप्पा, तुमच्यापायी माझी पोरगी डोकं खातीया. तो बाप बघा आन् तुमी बघा, म्हणती." सगळे हसले. आप्पाही हसल्यासारखं करून पुढं गेले.

एकदा कॉलेजातली एक पोरगी माझ्या दुकानात आली होती. आप्पांना बघून ती सरळ त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "माझे वडील न्हाईत. तुमची जाहिरात लागली की आई आवाज मोठा करती."

आप्पांनी पाय मागं घेतले. ती गेल्यावर मला म्हणाले, "हे काय बरोबर न्हाय बघ, ताई."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला थोडं ठाऊक होतं. त्यांची मुलगी दिपाली बारावीला कॉलेजात दुसरी आली होती. इंजिनिअरिंगचा फॉर्म तिनं माझ्याच दुकानात बसून भरला. पुण्याचं चांगलं कॉलेज लागलं. यादीत नाव दिसल्यावर तिनं माझा हात इतका घट्ट दाबला होता की बांगडी रुतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन पुण्याला हजर व्हायचं होतं. कागदपत्रं आप्पांनी पाण्याच्या टाकीवरच्या त्यांच्या कपाटात ठेवली होती, घरात उंदीर फार म्हणून. पहाटे ड्युटीवर जाताना म्हणाले, साडेसहापर्यंत घेऊन येतो, सातच्या गाडीनं जाऊ. ते परत आले दुपारी दोनला. पेठेची मोठी लाइन फुटली होती, जागा सोडता आली नाही, असं त्यांनी सांगितलं. दोनला निघून संध्याकाळच्या आत पुण्याला पोचणं शक्य नव्हतं. मुदत गेली. पुढची फेरी कुणी बघितली नाही. दिपालीनं इथंच बी. कॉम. ला नाव घातलं आणि दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं. बार्शीला दिली. नवरा शिवराज तिथल्या बाजारात एका अडत दुकानात कामाला आहे. स्वभावानं चांगला. जाहिरात लागली तेव्हा त्यांची मुलगी चिमी तीन वर्षांची होती.

दिपालीचा दर रविवारी फोन यायचा. जाहिरात लागल्यावरही आला. चिमीचा खोकला, सासूबाईंचे गुडघे, आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी संपत आली, सगळं बोलली. जाहिरातीचं नाव नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी आप्पांनीच विचारलं.

"टीव्ही बघतीस का न्हाईस?"

"बघते की."

"मग ती जाहिरात..."

"बघितली. सासूबाईंनी शेजारच्यांना बोलावून दाखवली." मग थोडी थांबून म्हणाली, "काम चांगलं केलंय तुमी आप्पा." आणि दूध गॅसवर आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या दिवसापासून घरात जाहिरात लागली की आप्पा उठून बाहेर यायला लागले. त्यांची बायको सावित्रम्मा अक्कलकोटकडची. मनात काही सलत असलं की तिच्या तोंडी कानडी येतं. एकदा आप्पा असे उठले तेव्हा तिनं "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत टीव्ही बंद केला. "तितं जाऊन या," ती त्यांना म्हणाली. "फोनवर हे व्हणार न्हाय."

आप्पा एसटीनं बार्शीला गेले. तिथं वेगळंच झालं. जावयाच्या गल्लीत टीव्हीवरचा माणूस आला म्हणून घर भरलं. कुणी फोटो काढले, कुणी ते वाक्य म्हणा म्हणून मागं लागलं. सासूबाईंनी मोठ्या हौसेनं सगळ्यांना चहा दिला. दिपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तेवढ्यात जाहिरात लागली. सगळे टीव्हीकडं वळले, आणि दिपालीनं येऊन रिमोटनं आवाज बारीक केला. चिमी झोपलीय, म्हणाली. चिमी तर आप्पांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, तिथं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बापलेक बसले. आप्पांनी वाटेत मनाशी बरंच जुळवून आणलं होतं, पण बोलायला लागल्यावर त्यातलं काही आलं नाही.

"त्या दिवशी लाइन फुटली नव्हती," ते म्हणाले.

दिपाली कुरडया उलट्या करत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मला माहीत हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? त्या दिवशी आपल्याकडं पाण्याचा वार होता. सहा वाजता नळाला पाणी आलं, पार आठपर्यंत होतं. मीच भरलं, दोन्ही पिंपं. पेठेची लाइन फुटली असती तर पाणी कुठनं येतंय?"

हे आप्पांनी मला सांगितलं तेव्हा मीही तो दिवस आठवून बघितला. त्या दिवशी पाणी माझ्याही घरी आलं असणारच. पण आम्ही कुणी दोन गोष्टी जोडून बघितल्या नाहीत. अठरा वर्षांच्या पोरीनं बघितल्या, आणि ती नऊ वर्षं बोलली नाही.

"मग तवा का बोलली न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

"तुमी दोनला आला. तारीख गेली होती. भांडून काय मिळणार होतं?" मग तिनं विचारलं, "तुमी होता कुठं?"

"टाकीच्या पायरीवर. व्हॉल्व्ह सोडला आन् बसलो. तुझी कागदं मांडीवर होती. उठतो उठतो म्हणत बसूनच राहिलो. कुणी काय सांगितलं नव्हतं मला, दुसऱ्या कुणावर ढकलणार न्हाय. मलाच भ्या वाटलं. एवढ्या लांब जाईल, आपल्याला कळणार न्हाय असल्या जगात जाईल, परत आपली राहणार न्हाय असं वाटलं."

खाली रस्त्यावरून ज्वारीची पोती भरलेला टेम्पो गेला.

"पहिल्यांदा जाहिरात लागली तवा मी चॅनेल बदलला," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी पूर्ण बघितली. तुमच्या डोळ्यातलं पाणी मला खोटं वाटलं न्हाय. म्हणून तर जास्त राग आला."

"त्या जाहिरातवाल्या बाईनं सांगितलं, पोरीकडं बघा. बघितलं तर तूच दिसलीस, हातात यादीचा कागद घेतलेली."

मग दिपाली रडली. फार नाही, पदरानं तोंड पुसून पुन्हा कुरडयांना लागली. आप्पांनीही एका कडेनं त्या उलट्या करायला घेतल्या. त्यांच्या हातून दोन मोडल्या, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, तुमाला जमायचं न्हाय."

आप्पा म्हणाले, "तुला लॅपटॉप घेऊन देऊ का?"

"आता मी तो कशाला वापरू, आप्पा?" तिच्या आवाजात राग नव्हता. पण आप्पांना ते लागलं.

संध्याकाळच्या गाडीला तीच त्यांना स्टँडवर सोडायला आली, चिमीला कडेवर घेऊन. गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं एकदम सांगितलं, की शिवाजी पुतळ्याकडच्या एका क्लासात कॉम्प्युटरवर हिशोब ठेवण्याचा वर्षाचा कोर्स आहे, आठवड्यातनं तीन दिवस, अकरा ते दोन. शिवराजची ना नाही. पण सासूबाईंना चिमीमागं पळवत नाही, आणि अंगणवाडीत ती रडून गोंधळ घालते.

"तुमी याल का?" तिनं विचारलं. "सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"येतो की."

"दोन दिवस येऊन बंद करणार असाल तर आत्ताच सांगा."

"येतो म्हणलं न्हवं."

"आणि एक ऐका. हे त्याची भरपाई न्हाय. ते गेलं ते गेलं. हे वेगळं हाय."

आप्पांनी मान हलवली. गाडी लागली.

तेव्हापासून आप्पा सकाळी आठच्या बार्शी गाडीला जायला लागले. सावित्रम्मा डबा द्यायची, त्यात चिमीसाठी गुळाची दशमी वेगळी. वर्षात मोजून चार खाडे झाले, त्यातले दोन गाडी बंद पडली म्हणून. बार्शीच्या घरात आप्पा चिमीला भरवायला शिकले, तिची वेणी घालायला शिकले. वेणी तिरकी यायची, म्हणून सासूबाई आधी हसायच्या, मग पुन्हा घालून द्यायच्या. पहिल्या महिन्यात दिपालीला क्लासात सगळ्यात मागं बसावं लागलं, बोटं अडखळायची. एक दिवस घरी येऊन म्हणाली, मी सोडते, पोरं माझ्या निम्म्या वयाची हायत. आप्पांच्या ओठांवर 'थांबू नको' आलं. ते वाक्य आता त्यांच्या तोंडून कसं निघणार? त्यांनी नुसता चहा ठेवला. बुधवारी ते नेहमीच्या गाडीनं आले, आणि ती गेली.

जाहिरात दोन-तीन महिन्यांत बंद झाली. त्या कंपनीची दुसरी आली, तिच्यात सगळी गोरी माणसं कुठल्याशा डोंगरावर आहेत. पेठेत आप्पांना परत पाण्याचंच विचारायला लागले. दिपाली परीक्षा पास झाली. आता ती एका बियाण्यांच्या दुकानात बिलं आणि मालाची नोंद बघते, अर्धा दिवस. इंजिनिअर झाली असती तर काय झालं असतं हा विषय ती काढत नाही, पण फोन आता रविवारशिवायही येतो. आप्पांचं जाणं अजून चालू आहे, कारण तिचं काम दोनपर्यंत असतं आणि चिमी शाळेतून बाराला येते. आठवड्यातले दोन दिवस सासूबाई बघतात, तीन आप्पांचे.

मागच्या महिन्यात मुंबईहून त्यांना पुन्हा फोन आला. सिमेंटची जाहिरात होती, घर बांधणारा बाप पाहिजे होता. आप्पा माझ्याच दुकानात उभे राहून बोलत होते. शूटिंग कधी, त्यांनी विचारलं. बुधवार आणि गुरुवार, तिकडून सांगितलं.

"बुधवारी जमणार न्हाय ओ," आप्पा म्हणाले. "नात असती माझ्याकडं."

मग आम्ही दुसरा माणूस बघतो, असं तिकडून उत्तर आलं.

"बघा की," आप्पा म्हणाले, आणि फोन खिशात टाकून घराकडं गेले.