रोह्यांची सोयरीक

किसनकाका गेल्याचा निरोप बुलढाण्याला मावशीच्या घरी आला, तेव्हा मी अभ्यास करत बसले होते. निरोप आणणारा आमच्या गावचाच. ओट्यावर बसून तो पाणी प्याला आणि म्हणाला, "किसनबुवा गेले. झोपीतच." मग तांब्या खाली ठेवत, "आता गावातल्या पोराईचे लगनं कोन जमवन?" मला रडू आलं आणि त्यातच हसूही… काका असते तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं.

काका माझ्या बाबांचे थोरले चुलतभाऊ. वांगी-मिरचीचा मळा हा त्यांचा धंदा आणि सोयरिकी जमवणं हा छंद. देऊळघाटापासून उंद्रीपर्यंत कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणाचा मुलगा तापट आहे, सारं तोंडपाठ. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत साखरेचा पितळी डबा. सोयरीक पक्की झाली की जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर ते चिमूटभर साखर ठेवत. पक्की होईपर्यंत मात्र झाकणाला हात नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्यासाठी कोणी स्थळ सुचवलं की काका म्हणत, "तिची वाट सध्या कालेजात जाते. मंधात उभे राहू नका."

'वाट' हा शब्द त्यांच्या तोंडी बसला तो फॉरेस्टच्या साहेबांमुळे. ते मला सांगायचं आहे, नीट जमेल की नाही ठाऊक नाही. आमच्या गावाच्या दोन अंगांना दोन डोंगर, आणि मधे ई-क्लासची, म्हणजे सरकारी गुरचरणाची, उघडीबोडकी पट्टी. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी गावाला बसवून सांगितलं की, ही पट्टी नांगराखाली घेऊ नका. तिथे गवत, बोर, पळस लावा, दगडी बांध घाला, पाणवठा खोदा. सरकार त्यासाठी अनुदान देईल. पहिला हप्ता लगेच. दुसरा हप्ता, त्या वाटेनं जनावरं या डोंगरावरून त्या डोंगरावर ये-जा करताना दिसली तरच. नाही दिसली तर योजना बंद, पट्टी गावाला परत. "दोन्ही जंगलांतल्या प्राण्यांचा संबंध तुटला की पुढची पैदास खुंटते," साहेब म्हणाले. कोणालाच काही उमगलं नाही. आमचे बाबाच पहिले उठले. "साहेब, रोही आमची पऱ्हाटी खाते. त्याले अनुदान काऊन? आमाले तेथं दोन-दोन एकर द्या." पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि रोही म्हणजे नीलगाय, तिच्यावर आमच्याकडे सगळ्यांचाच राग. माना डोलू लागल्या.

तेव्हा मागून काका म्हणाले, "काऊन बे, तू भावकीत पोरगी देतं काय?"

"भावकीत कोन देते, दादा?"

"मंग! त्या डोंगरावरचे रोही म्हंजे सारी एक भावकी. या डोंगरावरचे दुसरी. त्याईनं सोयरीक कराची कोठी? अन् मंधात तू नांगर धरून उभा. वरात जाईन कोठून?"

सगळी सभा हसली. साहेबही हसले, जरा उशिरानं, आणि म्हणाले, "मला… मला हेच म्हणायचं होतं." बाबा खाली बसता बसता पुटपुटले, "हरभरा खाल्ला त तुमच्याच दारात आनून बांधीन." काकांनी ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बांध. ही सोयरीक आता माह्याकडे लागली."

खरं सांगायचं तर काकांना जनावरांचं काहीच कळत नव्हतं. अस्वलाचं नाव काढलं तरी ते विषय बदलत. पट्टीत दगड लावताना एकदा पायाजवळून ससा उडाला, तर पिशवी टाकून पळाले होते! पण पाणवठ्याला 'जानोसा' हे नाव त्यांनीच दिलं. जानोसा म्हणजे वरातीच्या उतरण्याची जागा. पहिल्या पावसाळ्यानंतर गवत गुडघाभर झालं, दुसऱ्यानंतर कमरेएवढं. जानोसा भरला… आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही. पलीकडच्या डोंगरावर एक शिंग मोडलेला मोठा काळा रोही होता. गावानं त्याचं नाव 'नवरदेव' ठेवलं. काका टपरीवर दिसले की कोणीतरी विचारायचंच, "किसनबुवा, नवरदेव रुसला काय?"

"मानपान बाकी असन," दुसरा म्हणायचा.

काका चहा बशीत ओतत म्हणायचे, "आजलोक माही एक सोयरीक मोडली नाई."

शेवटची भेट दिवाळीतली. ते मला पट्टीच्या कडेला घेऊन गेले. वाऱ्यानं गवत वाकत होतं. काकांनी वाकून एक काडी खुडली. मग हळूच म्हणाले, "साहेब एक डाव येऊन गेले. आता संक्रांतीनंतर येतीन. तोवर कोनी नाई दिसलं त पट्टी वापस. तुह्या बापाचा नांगर तयारच हाय…" आणि लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, हसले. "पर पोरी, नवरदेवाले घाई कराची नसते." त्यानंतर महिनाभरात ते गेले.

मागच्या आठवड्यात, संक्रांत तोंडावर असताना, मी गावी होते. सकाळी काकूचा आवाज आला, "अवं पोरी, बाहेर ये! जावयानं हरभरा खाल्ला!" आम्ही धावत गेलो. काकांच्या मळ्यामागचा हरभरा निम्मा खुडलेला. खुरांचे माग पट्टीच्या गवतातून आलेले आणि पुढे आमच्या डोंगराकडे गेलेले. बांधावर बाबा उभे होते. उजाडता उजाडता त्यांनीच पाहिलं होतं. "एकशिंगीच व्हता, वैनी. संग आपल्या डोंगरावरच्या दोन माद्या." त्यांना रागावायचं होतं, पण ते जमत नव्हतं. काकू पदरानं डोळे पुसत हसत होती. "पयला मान आपल्याच वावरात घेतला मेल्यानं."

घरी येऊन तिनं खुंटीवरची पिशवी काढली. काका गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. ओल धरून डब्यातल्या साखरेचं एकच ढेकूळ झालं होतं. काकूनं ते बत्त्यानं फोडलं आणि वर पाहिलं, तर सगळ्यांत आधी हात पुढे होता तो बाबांचा. "जराशी जास्त द्या, वैनी. माहा नांगर गेला."

साखर वाटून झाल्यावर काकूनं डबा पुसला, नवी साखर भरली आणि पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. "राहू दे. पुढच्या सोयरिकीले लागन," ती म्हणाली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली. तशी काकू म्हणाली, "हिच्याकडे काय पाहता बे? अस्वलाची राह्यली ना अजून."