नाकारलेले बारा भाग

नवी वस्तू घरात आली की शेजारचे काका तिच्यावरची अक्षरं आधी पुसून बघत. टीव्हीच्या रिमोटचे सेल असोत की औषधाची बाटली, मुलीचं नेलपॉलिश काढायचं द्रावण कापसाच्या बोळ्यावर घ्यायचं आणि घासायचं. "छापलंय ना? मग आधी पुसून बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी वर्तमानपत्रात नोकरी करतो हे कळल्यावर त्यांनी आमच्या अंकाच्या पहिल्या पानावर अंगठा घासला. काळा झालेला अंगठा मला दाखवला आणि म्हणाले, "तुझ्या पेपराचं तर विचारायलाच नको."

गिरगावात त्यांची खोली आमच्या शेजारची, गॅलरी एकच. युद्धनौकांवरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे सुटे भाग तपासून घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुठलं जहाज, कुठलं खातं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच सांगत की, शत्रूचं रडार आपल्यावर फिरलं की सावध करणारं एक यंत्र असतं, तो जहाजाचा कान. यंत्र जुनं होतं, बनवणारी कंपनी भाग बनवणं बंद करते. मग व्यापारी भंगारातले भाग धुतात, वरची अक्षरं घासतात, नवी छापतात. म्हणून तो कापूस.

तपासनिसाला स्वतःच्या क्रमांकाचा शिक्का असतो. भाग पास झाला की तो उठतो आणि पुढे बिघडलं तर त्याच क्रमांकाच्या माणसाला विचारतात. काका तो आतल्या खिशात ठेवत. मंगळसूत्र मी एवढं जपत नाही, असं काकू म्हणत.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्या कानासाठी बारा भाग आले. बोळा फिरवला, नव्या अक्षरांखाली जुनी दिसली. काकांनी बाराही नाकारले. जहाज निघायचं होतं. साहेबांनी आधी समजावलं, मग पुन्हा तपासा म्हणाले. टेबलावरच्या चाचणीत भाग चालतात, हे साहेबांचं म्हणणं खरं होतं. टेबल समुद्रात जात नाही, हे काकांचंही खरं होतं. घरी काकूंनी धोशा लावला: सगळे पास करतात, तुम्हीच एकटे शहाणे. मारा तो शिक्का आणि मोकळे व्हा.

त्यांनी मारला नाही. शिक्का काढून घेण्यात आला आणि त्यांना गाद्या-उशांच्या भांडारात पाठवण्यात आलं. बाराही भागांवर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा शिक्का उठला.

जहाज गेलं आणि सुखरूप परत आलं. कॅन्टीनमध्ये साहेब म्हणाले, काकांचा कापूस आता उशीत भरा. गॅलरीत मीही विचारलं, "काका, झालं का काही?"

"शत्रू नसला की ते यंत्र गप्प असतं," ते म्हणाले. "मेलेलं असलं तरी गप्पच असतं. तू ओळखून दाखव."

तुम्हालाही ओळखता आलं नसतं.

उरलेले महिने त्यांनी गाद्यांची शिवण तपासली. घरी मात्र नव्या वस्तू तपासणं सोडून दिलं. काकू मुद्दाम नवे सेल त्यांच्यापुढे ठेवत. ते तसेच रिमोटमध्ये घालत.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने ते हृदयविकाराने गेले. तेराव्यानंतर तो सहकारी भेटायला आला. काकू आत चहा करत होत्या. तो खालच्या आवाजात मला म्हणाला, "ते बारा भाग नंतर जहाजावरून काढले. सात मेलेले निघाले."

"कधी?"

"काका होते तेव्हा नोकरीत. दोन महिने बाकी होते त्यांचे."

"मग त्यांना कळवलं नाहीत?"

"कसं कळवणार? ते गाद्यांकडे. आमची फाइल तिकडे जात नाही."

काकू दोन कप घेऊन दारात उभ्या होत्या. एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला. दुसरा घेऊन त्या आत वळल्या. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.