हातातून सुटला की एक

दातिवऱ्याच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, आणि मान वर करून सांगते. बी.एस्सी. झाले, संगणकाचा कोर्स केला आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोग्रामर म्हणून लागले. नोकरी कच्ची होती. पहिलं काम जमलं तरच पक्की होणार होती.

नव्वदीची मधली वर्षं ती. विंडोज आमच्याकडे नुकतंच आलेलं. कामगाराने रंगाच्या पिंपाचं वजन काट्यावर बघायचं आणि कीबोर्डवर आकडे दाबायचे, एवढाच माझा प्रोग्राम. माझ्या टेबलावर तो मस्त चालला. भरणी विभागात नेला आणि पंचेचाळीस किलोचं पिंप पडद्यावर ४४४४५५५ किलोचं झालं.

तिथला मुकादम सोलापूरकडचा. सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमचं मशीन तोतरं हाय की! च-च-च-चार म्हणतंय."

सगळा विभाग हसला.

कारण मला कळलं होतं. ही माणसं वर्षानुवर्षं पिंपांवर नंबराचा ठसा मारत आलेली. ठसा दाबायचा आणि शाई नीट धरेपर्यंत दाबूनच ठेवायचा. कीबोर्डची कळही ते तशीच दाबून ठेवत, रबरी हातमोज्यातल्या बोटाने. आणि कळ दाबून ठेवली की संगणक तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. विंडोजमध्ये तो वेग अगदी कमी करून पाहिला. त्यांचा दाब त्याहून लांबलचक. "हलक्या हाताने मारा हो," म्हणून विनवलं. दुपारपर्यंत जमायचं, मग हात मूळ पदावर.

मॅनेजर म्हणाले, "शनिवारी शेवटचं बघतो. नाही जमलं तर मुंबईची कंपनी बोलावू. मग तुमचंही काम उरणार नाही."

त्या संध्याकाळी बोईसरच्या बाजारात आईच्या पाटीशेजारी जाऊन बसले. आई बोंबील विकत होती. पिशवीत मोजून टाकता टाकता एक बोंबील हातातच धरून ती गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होती. गिऱ्हाईक म्हणाली, "हा धरून पाच झाले ना गं?"

"चार," आई म्हणाली. "हातात हाय तो कसा मोजू? हातातून सुटला का एक."

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी ते कानातून थेट डोक्यात गेलं. कळ खाली गेली याची खबर विंडोज देतं, तशी कळ वर आली याचीही देतं. खाली गेल्याची खबर कितीही वेळा येवो, वर आल्याची एकदाच येते. मी मोजत होते ती हातातली मासळी!

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम बदलला. कळ दाबलेली असेपर्यंत काहीच लिहायचं नाही. सुटली की एक आकडा.

शनिवारी मॅनेजर माझ्या मागे उभे. मुकादमाने मुद्दाम चारावर बोट रोवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. पडदा कोरा.

"आधी तोतरं होतं, आता मुकं झालं का काय?"

"बोट उचला, मामा."

त्याने उचललं. एकच चार. मग पाच दाबून धरला, सोडला. एकच पाच. त्याने हातमोज्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"आरं, हे तर ठशावाणी झालं! हात उचलला की उमटतंय!"

मला हे सुचलंही नव्हतं. पण त्यांना पुन्हा काही शिकवावं लागलं नाही. त्यांचे हात ते आधीच शिकलेले होते. मॅनेजर एवढंच म्हणाले, "मुंबईला नको फोन करायला." सोमवारपासून माझी नोकरी पक्की.

पेढे घेऊन थेट बाजारात गेले. आईला सांगितलं, "तुझं मोजणं मशीनला शिकवलं."

तिने पेढा तोंडात टाकला. "बरा केलास, बाय. आता त्याला भांडायलाबी शिकव."