पोफळीचा शरद

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचून झालं की "काहीतरीच!" म्हणून मोबाईल बाजूला ठेवते. तशी मी देवाला मानणारी आहे. आम्ही ख्रिस्ती. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होते, रविवारी चर्च चुकत नाही, तिथल्या गाण्याच्या ग्रुपमध्येही मी आहे. पण "मला दृष्टांत झाला", "प्रभु माझ्या कानात बोलला" असं सांगणारं कोणी भेटलं की मी दोन हात लांबच राहते. मिरजोळ्याला एमआयडीसीत आंब्याच्या रसाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते मी. दिवसभर रसाची गोडी मोजायची, आंबटपणा मोजायचा. मशीनवर जे दिसलं ते खरं, एवढंच माहीत. त्यामुळे हे सगळं मी लिहितेय याचं मलाच नवल वाटतंय...

रत्नागिरीत नाचण्याला आमचं छोटं घर आहे. घरात आई आणि मी. पप्पा जहाजावर, वर्षातले बरेच महिने बाहेर. गेल्या वर्षीची गोष्ट. झावळ्यांचा रविवार होता, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी चर्चमध्ये सगळे हातात झावळ्या घेऊन गाणी म्हणतात. माझा घसा पार बसला होता. संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, आई आणि मी प्रार्थनेला बसलो. आधी आई करते, मग मी. माझी प्रार्थना ठरलेली असते: पप्पांना सांभाळ, आजाऱ्यांना बरं कर, कंपनीतल्या लोकांना आशीर्वाद दे. तेच सगळं म्हणून "आमेन" म्हणणार, तेवढ्यात माझ्या तोंडून आलं — "आणि प्रभु, पोफळीच्या शरदला सांभाळ. त्याला झोपू देऊ नकोस."

मी स्वतःच दचकले. डोळे उघडले तर आई माझ्याकडेच बघत होती.

"शरद कोण?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? नाव घेऊन प्रार्थना केलीस की आत्ता!"

"अगं आई, खरंच माहीत नाही. आलं तोंडात."

"आणि पोफळी? पोफळीला कोण आहे आपलं?"

कोणीच नव्हतं. पोफळी मी पाहिलेलीही नाही. चिपळूणच्या पुढे, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, जिथे कोयनेचं वीजघर आहे, एवढंच शाळेत शिकलेलं. आणि "झोपू देऊ नकोस" ही कुठली प्रार्थना? लोक शांत झोप मागतात!

मी हसून विषय टाळला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंपनीत डबा उघडून डोळे मिटले — शरद. स्कूटर चालू करताना — शरद. चेहरा नाही, आवाज नाही, काही दिसत नव्हतं. फक्त ते नाव असं यायचं, जसं गॅसवर काहीतरी ठेवलंय आणि आपण विसरलोय. नाव घेतलं, "याला सांभाळ" म्हटलं की छातीवरचं ओझं उतरायचं.

आईने वेगळाच अर्थ काढला. तिला वाटलं, पोरीचं कुठेतरी जमलंय आणि आता आडून आडून घरात सांगतेय. दोन-चार दिवस ती गप्प राहिली. मग एका संध्याकाळी कुठल्यातरी बंदरावरून पप्पांचा फोन. "एस्तेर, बेटा, मी रागावणार नाही. शरद कोण आहे?" मी कपाळावर हात मारला! त्यांना शपथेवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नसावं.

शेवटी मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारलं. ते म्हणतील काहीतरी मोठं, अशी भीती होती. पण ते चर्चच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होते, तसेच म्हणाले, "नाव आलंय ना? मग घे नाव. त्याचा अर्थ लावत बसू नकोस, आणि लोकांना सांगत फिरू नकोस."

तेच केलं. काही आठवडे ते नाव येत राहिलं आणि मग एक दिवस लक्षात आलं की आता येत नाही. कधी थांबलं तेही कळलं नाही. मीसुद्धा विसरून गेले.

वर्ष उलटून गेलं. यंदा ऐन पावसात आईची तब्येत बिघडली. गर्भाच्या पिशवीचा त्रास तिला आधीपासून होता, पण ती अंगावर काढायची. त्या दिवशी मात्र रक्तस्राव थांबेचना. शेजारच्या साळवी काकूंनी मला कंपनीत फोन केला — "बाय, असशील तशी ये. आई उभी राहत नाय." मी पोचले तेव्हा आईचे ओठ पांढरे पडले होते. रिक्षातून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, पण अंगात रक्तच एवढं कमी आहे की आधी रक्त चढवल्याशिवाय हात लावता येणार नाही. आणि आईचा ग्रुप ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच पिशवी होती, ती लगेच लावली. आणखी लागणार होतं. माझा ग्रुप पप्पांचा, काही उपयोगाचा नाही. पप्पा समुद्रात, फोन लागत नव्हता.

चर्चच्या ग्रुपवर मेसेज टाकला. साळवी काकूंनी त्यांच्या महिला मंडळात टाकला. तो कुठून कुठे गेला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, तुमच्या आईला ओ निगेटिव्ह पाहिजे ना? आम्ही निघालोय. पाऊस लय आहे, पण येतो."

मी एवढी भांबावले होते की नाव विचारायचंसुद्धा सुचलं नाही. नुसती "हो, या, या" म्हणत राहिले.

रक्तपेढीच्या दारात एक जोडपं आलं. तो तिशी-पस्तिशीचा, उजव्या पायाने किंचित लंगडत होता. गळ्यात काळ्या दोऱ्यात देवीचा टाक. बायकोच्या हातात भिजलेली छत्री.

"ताई, मगाशी फोन केला तो मी. शरद. ही माझी मिसेस, स्वाती."

मी विचारलं, "कुठून आलात?"  उत्तर काय येणार हे मला आधीच कळलं होतं...

"पोफळीहून."

मी फक्त आतलं दार दाखवलं.  तो आत गेला, आणि मी आणि स्वाती बाकावर बसलो. मीच विचारलं, पायाला काय झालंय. मग ती बोलायला लागली.

गेल्या वर्षी हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो कऱ्हाडहून एकटाच मोटारसायकलवर परत येत होता. कुंभार्ली घाटात अचानक गवा आडवा आला. गाडी खाली दरीत गेली, हा झुडपात अडकला. पाय मोडलेला, डोक्याला मार, रक्त वाहतंय. रस्त्यावरून कोणाला दिसेना. उन्हं उतरल्यावर एक ट्रकवाला इंजिनात पाणी घालायला थांबला, आणि त्याला हाक ऐकू आली.

"डॉक्टर म्हणाले, हे बेशुद्ध झाले असते तर कोणाला कळलंच नसतं," स्वाती म्हणाली. "पुढे कितीतरी दिवस आयसीयूमध्ये होते. किती जणांचं रक्त चढवलं! तेव्हाच यांचा ग्रुप कळला. रक्त घेतल्यावर वर्षभर देता येत नाही म्हणतात. वर्ष झाल्यापासून यांचा धोशा चालू आहे, मला पण कोणालातरी द्यायचंय. तुमचा मेसेज आला नि यांनी रात्रीच जायचे कपडे काढून ठेवले."

मी मोबाईलवर कॅलेंडर काढलं. गेल्या वर्षी हनुमान जयंती शनिवारी होती. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार.

शरद बाहेर आला, त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा. मी त्याला सरळ विचारलं, "तुम्ही घाटात पडलात, तेव्हा जागे कसे राहिलात?"

तो बायकोकडे बघून ओशाळल्यासारखा हसला. "हिला सांगितलं तर म्हणते, डोक्याला लागलं होतं म्हणून. ताई, मला जाम झोप येत होती. वाटायचं, डोळे मिटावेत, बस. पण कोणीतरी बाई नाव घेऊन हाक मारत होती. घसा बसल्यावर आवाज येतो ना, तसा आवाज. मला वाटलं, आई. पण आई मला बाळ्या म्हणते. घरात मला शरद म्हणून कोणी हाकच मारत नाही."

तेव्हा मी सगळं सांगितलं. रक्तपेढीच्या त्या बाकावर, माणसं येत-जात असताना. स्वातीने माझा हात घट्ट धरला, आणि मग आम्ही दोघी रडलो. शरद म्हणाला, "आमच्या आईने देवीला नवस केला होता." जणू काही माझी समजूत घालत होता. मी म्हटलं, "बरं केलं त्यांनी."

त्यांना वॉर्डात आईकडे घेऊन गेले. आई डोळे मिटून पडली होती. म्हटलं, "आई, हे तुला रक्त द्यायला आलेत. पोफळीहून. शरद."

आईने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या बायकोकडे... आणि तेवढ्या अशक्तपणातही तिला हसू आलं. "म्हणजे तू खरं बोलत होतीस," एवढंच म्हणाली. मग तिने हात उचलून शरदच्या डोक्यावर ठेवला. तो खाली वाकला होता.

रक्ताची तपासणी वगैरे होऊन संध्याकाळी ते आईला चढलं. ऑपरेशन नीट झालं.

कंपनीतली एक मैत्रीण म्हणते, तू ते नाव आधी कुठेतरी ऐकलं असशील, बसमध्ये, स्टँडवर. असेलही. शरद नावाची माणसं काय कमी आहेत? घसा बसलेल्या बायकाही खूप असतील. मी खूप विचार केला. एक-एक गोष्ट सुटी केली तर प्रत्येकीला काहीतरी कारण देता येतं, एकत्र ठेवल्या की येत नाही. पाळकसाहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "चल, उपकार मानू." तेवढंच आम्ही केलं.

कोणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. मला झालेला नाही. आत्ता हे लिहितेय तर आई स्वयंपाकघरातून ओरडतेय — बांगडे गार झाले, त्या मोबाईलमध्ये काय एवढं आहे, आता येतेस की मी येऊ? आवाज पूर्वीसारखा खणखणीत झालाय तिचा.

जाते.