एकदाच बाईंचा तास

आमच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘एकदाच बाई’ म्हणायचे. त्यांच्या श्रवणाच्या तासाला मजकूर एकदाच वाचला जायचा. मग मुलांनी डोळे मिटून तो मनात घोळवायचा आणि उत्तरं देण्याआधी, बोलणाऱ्याचं जे सांगायचं राहून गेलं असेल ते त्याला विचारायचं. तोवर बाईंनीही तोंड उघडायचं नाही. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवतो. भिंतीपलीकडे वर्गभर पोरं आणि आवाज मात्र नाही, म्हणजे काहीतरी शिजतंय, असंच कुठल्याही मास्तरला वाटणार.

पालकांची तक्रार आली की मुलं वर्गात झोपतात. हेडसर या तासावर आधीपासूनच डूख धरून होते. तपासणीच्या साहेबांनी नापसंती दाखवली तर तास बंद, असं त्यांनी बाईंना बजावलं. बाईंची नेमणूकच त्या तासापुरती होती आणि घरात मिळवत्या त्या एकट्याच.

साहेब आले ते घुश्शातच. हेडसर त्यांच्या मागे, आणि माझा तास मोकळा म्हणून मी दाराशी. बाईंनी वर्गाची रीत सांगून उतारा पुढे केला, तो साहेबांनी बाजूला सारला. पाठ करून घेतला असेल म्हणाले आणि आपली सकाळच सांगायला लागले. लेक दार लावून खोलीत बसली होती. ते जिना उतरले, परत वर गेले, तिच्या दाराशी थांबले, पुन्हा उतरले. तेवढ्यात बस चुकली आणि डबाही घरी राहिला. मग पेन उघडून त्यांनी विचारलं, बस का चुकली?

सगळ्या वर्गाने डोळे मिटले.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. हेडसरांच्या चेहऱ्यावर ‘बघा, मी म्हणत नव्हतो’ असा भाव. साहेब कागदावर काहीतरी लिहू लागले. एका शब्दाने बाई पोरांना जागं करू शकत होत्या, पण त्या टेबलाची कड घट्ट धरून गप्प उभ्या. मला त्यांचा भयंकर राग आला. अहो, चुलीत गेला तो नियम, नोकरी चाललीय इथे!

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल असं बोलणारी.

“सर, तुम्ही परत वर गेलात तेव्हा ती आतून काय म्हणत होती?”

हेडसर तिला खाली बस म्हणाले. साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. पेन तसंच उघडं.

“म्हणत होती काहीतरी,” ते म्हणाले. “मी घाईत होतो. ऐकलं नाही मी.”

कुणी हसलं नाही. साहेब उठून व्हरांड्यात गेले आणि त्यांनी घरी फोन लावला. “बोल,” एवढंच म्हणाले आणि मग कितीतरी वेळ नुसते फोन कानाला लावून उभे. मी बाईंसाठी खुर्ची पुढे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत.

साहेब आत आले. आवाज बसला होता.

“हा तास चालू राहील,” ते म्हणाले.

हेडसरांनी कान पुढे करून विचारलं, काय म्हणालात साहेब?

साहेबांनी पेनला टोपण लावलं आणि ते दुसऱ्यांदा सांगितलं नाही. बाई मात्र आता खुर्चीत बसल्या होत्या.