लेकीच्या नावावरची वखार

दादा गेल्याचं मला मोटारीच्या ड्रायव्हरने सांगितलं. दासगावच्या आमच्या अंगणात तो उभा राहिला, पाणी नको म्हणाला, आणि मग हळूच म्हणाला, "बाय, शेट गेले. चला, मोटार उभी हाय." महाडपर्यंत सावित्री नदीवरचं धुकं सोबतीला होतं... त्यातून सारखा दादाच चालत येताना दिसत होता.

माझा हा थोरला भाऊ हिरड्याचा व्यापारी. आंबेनळीच्या रानातला हिरडा पोलादपूरला उतरायचा, तिथून महाड बंदरात यायचा आणि भरतीच्या पाण्यावर गलबतांतून मुंबईला जायचा. दादाला बोलणं कमी. संध्याकाळी बंदरावर बसून पाणी चढताना पाहावं, एवढाच त्याचा शौक.

पोलादपूरची एक वखार त्याने लेकीच्या, कुसुमच्या नावे केली होती. ती तेव्हा पाळण्यात होती. भाडं तिचं, म्हणून दादाला त्यावर इन्कमटॅक्स पडत नसे. वकिलांनीच तशी वाट दाखवली होती. पुढे कायदा बदलला. बापाने वयात न आलेल्या मुलांना दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न बापाच्याच उत्पन्नात धरायचं, असं ठरलं. कुसुम तोवर चौदा वर्षांची झाली होती, इंग्रजी शाळेत जात होती.

मी त्या दिवसांत माहेरी होते. ओटीवर बसून वकील म्हणाले, "एक सवलत आहे. लग्न झालेल्या मुलीचं उत्पन्न बापाच्यात धरत नाहीत."

आमच्या काकांनी लगेच दापोलीचं स्थळ काढलं. "नाहीतरी उजवायचीच आहे. यंदाच उरकू, करही वाचेल."

दाराआड कुसुमने माझा पदर मुठीत घट्ट धरला होता.  दादा म्हणाला, "कर भरू."

"दरसाल?" काकांनी विचारलं.

"दरसाल. तिला शिकायचंय."

संध्याकाळी मी त्याच्यामागोमाग बंदरावर गेले. काकांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. आज कसा मोडवला, म्हणून विचारलं. पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "अकरा वर्षांची होतीस तू. इथूनच होडीत बसवलं तुला. होडी वळणाआड गेली, तरी तुझं रडू ऐकू येत होतं..."

ते रडू कुणी ऐकलं असेल, असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.  पाणी चढत चढत पायऱ्यांना लागलं.

दादाचे दिवस झाल्यावर कुसुम मला पोलादपूरला घेऊन गेली. वखारीच्या माळ्यावर दादाने खिडकी पाडून घेतली होती आणि तिच्या अभ्यासाला एक टेबल करवलं होतं.

"आत्या, हे आलं तेव्हा फार उंच होतं," ती म्हणाली. "सुताराला बोलावू या म्हटलं, तर अप्पा म्हणाले, पाय कापायचे नाहीत. तू वाढशील."

मग तिने पुस्तक उघडलं आणि कोपरं टेबलावर टेकली. ती आता बरोबर टेकत होती.