न पुसलेली काच

तुमच्या घरातली धूळ रोज कोण पुसतं हे तुम्हाला माहीत असेल; पण ती येते कुठून, हे कधी विचारलंत?

आमच्या वर्गातली एक मुलगी विचारायची. तोंडानं नाही, बोटानं. कुठेही बसण्याआधी टेबलावरून एक बोट फिरवायची, उजेडाकडे धरून बघायची आणि मगच बसायची. ती कोळशाच्या खाणींच्या घुग्घुसहून यायची; कॉलेजात पोरं हसायची. "घुग्घुसची आहे न, सवय जात नाई," म्हणायची.

चंद्रपूरला एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी जोड्या पाडल्या, तेव्हा माझी जोडी तिच्याशी लागली. बाकीच्यांनी मागच्या वर्षीचे विषय उचलले. हिचा विषय तयारच होता. घराच्या छतावर काचेच्या पट्ट्या ठेवायच्या, दर आठवड्याला एक उचलायची आणि साचलेल्या धुळीतून दिव्याचा किती उजेड पार जातो ते मीटरवर मोजायचं.

"छतावरच काऊन?" मी विचारलं.

"मले दुसरीकडं थांबाले वेळ कुठी आहे?"

आई दम्याची, वडील खाणीत शिफ्टला. तास संपला की तिला पहिली बस गाठावीच लागे. प्रयोगशाळेत थांबता येत नव्हतं, म्हणून तिनं प्रयोगच घरी नेला. घरी तरी काय होतं? खिडकी उघडली की धूळ, लावली की आईचा जीव गुदमरायचा. मायलेकी अर्ध्या उघड्या खिडकीत जगत होत्या. नागपूरच्या एका शाळेत तिनं नोकरीचं बोलून ठेवलं होतं. पास झाली की आईला घेऊन जायचं, एवढंच तिचं स्वप्न.

मी तेव्हा पत्रकं काढत असे. मोजणी सुरू होण्याआधीच माझा मथळा तयार होता: 'आमच्या श्वासाचा जाब द्या!!!'

तिनं वाचला. "उद्गारचिन्हं तीन, आकडा एकबी नाई. पहिले मोजू, मंग बोलू, नेताजी."

पट्ट्या ती जेवणाच्या डब्यातून आणायची, एकेका पुडात एक, वाटेत धूळ झडू नये म्हणून. पोळ्या फडक्यात आणि डब्यात काच! बसमधल्या बाया विचारत, "काय आणलं वं भाजीले?"

सगळ्या पट्ट्या मोजून झाल्या. मीटरचा काटा हलेचना. नवी काच आणि महिनाभर छतावर पडलेली काच, दोन्ही सारख्याच.

सर खूश झाले. "घुग्घुसची हवा स्वच्छ निघाली. ग्राफ सरळ आहे. लिहा निष्कर्ष."

तिनं सरांच्या टेबलावरून बोट फिरवलं, बघितलं, आणि बस गाठायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हसतच आली. "आईले विचारलं. म्हणते, रोज पुसतो न मी! तुयी काच साहेबासमोर जाईन, घाण कशी जाऊ देऊ?" मग हसू थांबलं. "तिले दम लागते रे. तरी शिडी चढून जाये. मी काय भांडू तिच्याशी?"

तिनं सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. "आता एकच आठवडा राह्यला. तेच आकडे लाव. कोण पाहून राह्यलं?"

"मी पाह्यलं न सर."

"मग वर्ष जाईल तुझं."

आता तुम्हीच बघा, पिंजरा कसा बांधलेला होता. धुळीतून सुटायचं, तर धूळ नाही असं लिहायचं.

तिनं उरलेल्या आठवड्यात एकच पट्टी छतावर ठेवली. आईला शपथ घातली. माउली म्हणे तो आठवडाभर शिडीकडे पाठ करून बसली. आठव्या दिवशी काच दिव्यासमोर धरली आणि काटा असा खाली आला, की दिवा चालू आहे ना ते मी वाकून बघितलं. अहवालात तिनं लिहिलं: 'पहिल्या पट्ट्या माझ्या आईने रोज पुसल्या. ते आकडे धरू नयेत.' खाली मीही सही केली.

बाहेरचे परीक्षक म्हणाले, "एका पट्टीवरून निष्कर्ष निघत नाही." प्रोजेक्ट नापास. नागपूरची शाळा काही थांबली नाही.

पुढच्या वर्षी मी परत बसलो. शेजारचं स्टूल रिकामं होतं. शोधत घुग्घुसला गेलो. आई अर्ध्या खिडकीपाशी पडून होती, बोलायलाही दम पुरत नव्हता. लेक बाहेर आली, माझ्या मोटरसायकलच्या सीटवरून तिनं बोट फिरवलं.

"पत्रक काढलं का, नेताजी?"

"नाई."

"काऊन?"

"आकडा एकच आहे न."

ती खूप दिवसांनी हसल्यासारखी हसली. आतून डबा आणला आणि ती पट्टी माझ्या हातात दिली. "पुसू नोको."

नंतर एकदा गेलो तर दाराला कुलूप होतं. कुलपावर बोट फिरवलं. बऱ्याच दिवसांचं होतं. मायलेकी कुठे गेल्या, ते शेजारी कोणालाच नीट सांगता आलं नाही.

परीक्षकांचं म्हणणं मात्र खरं होतं. एका पट्टीवरून निष्कर्ष निघत नाही. म्हणून तुमच्याकडे मागतो आहे. आज तुमच्या छतावर एक साधी काच ठेवा. आठवड्यानं ती दिव्यासमोर धरा आणि जे दिसेल ते शेजाऱ्याला दाखवा. आणि घरात जी कोणी रोज धूळ पुसते, तिला आधी सांगून ठेवा: एवढी एक राहू दे.